नकार आल्यास पुन्हा प्रयत्न करावा

माझं लिहिलेलं माणसं वाचत नाहीत, असं मी धाडच्या बाजारात कुणाला सांगितलं की समोरचा खांद्यावर हात ठेवतो. ‘होते बाप्पा कधी कधी, मनाले लावून घेऊ नको.’ मग खुलासा करावा लागतो की तसं नाही, ते माणसांसाठी लिहिलेलंच नसतं. पुण्याच्या एका लहानशा कंपनीनं प्रोग्रामच्या कोडमध्ये दुरुस्त्या करायचं एक साधन बनवलं आहे. ते माणूस वापरत नाही, एआय एजंट वापरतो. तुम्ही त्याला साध्या भाषेत काम सांगायचं. तो स्वतःच फाइल उघडतो, ओळ शोधतो, बदलतो आणि ‘झालं’ म्हणून कळवतो. पण ते साधन कसं वापरायचं, हे त्यालाही कुणीतरी सांगायला हवं ना? ते सांगणारा मी. त्याच्यासाठी मार्गदर्शिका लिहितो, घरबसल्या. इथवर ऐकल्यावर समोरचा विचारतो, ‘म्हणजे मशीनची शिकवणी घेऊन राह्यला तू?’ मी हो म्हणतो आणि वांग्याचा भाव विचारतो.

मार्गदर्शिका इंग्रजीत असते. तिच्यातली वाक्यं इथं मी मराठीत देतोय, कारण तिची लाज मला मराठीतच वाटली.

या कामाआधी मी फवारणी पंपाच्या, वजनकाट्याच्या माहितीपुस्तिका लिहायचो. त्या कुणी वाचत नाही हे मला ठाऊक होतं. पंप बिघडला की माणूस पुस्तिका शोधतो, सापडली तर तिच्यावर पंप ठेवतो, म्हणजे जमीन तेलकट होत नाही. त्यामुळे मला एक खोड लागली होती. सूचना कमी आणि धीर जास्त द्यायचा. ‘घाबरू नये’, ‘चिंतेचं कारण नाही’, ‘थोड्या सरावानं जमेल’. ही वाक्यं मी मिठासारखी टाकायचो. आणि आता अचानक असा वाचक मिळाला होता की जो प्रत्येक शब्द वाचतो, कंटाळत नाही, जांभई देत नाही, आणि वाचलं तसं वागतो. आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणीतरी ऐकत होतं. घरात तर तसा प्रघातच नाही. मला जरा चढलीच.

साधनाचं काम सोपं होतं. फाइल दाखवणं, फाइलमधला एखादा मजकूर काढून तिथं दुसरा घालणं, आणि अगदीच गरज पडली तर सबंध फाइल नव्यानं लिहिणं. यात मधलं काम सगळ्यात महत्त्वाचं. एजंट सांगतो, हा जुना मजकूर, हा नवा. साधन फाइलमध्ये जुना मजकूर शोधतं. तो नेमका एकाच जागी सापडला तर बदलतं. सापडलाच नाही, किंवा दोन ठिकाणी सापडला, तर नकार देतं. बिचारं प्रामाणिक आहे. कोणता बदलू हे कळत नसताना हात लावत नाही.

नकार आल्यावर एजंटनं काय करायचं, हे आमच्या मॅडमनी कच्च्या टिपणात लिहून पाठवलं होतं. मॅडम म्हणजे साधन बनवणाऱ्या गटाच्या प्रमुख. माझ्यापेक्षा वयानं लहान, बोलणं तुटक. त्यांचं वाक्य असं होतं: ‘नकार आल्यास थांबा. फाइल पूर्ण वाचा. तरीही शंका असल्यास माणसाला विचारा.’

मला ते वाक्य रुक्ष वाटलं. नवीन पाहुण्याला दारातच ‘चपला काढा’ म्हणावं तसं.

आणि नकार म्हणजे काय याची माझी समजूत वेगळ्याच शाळेत तयार झालेली. आमच्याकडे पंगतीत माणूस ‘नको’ म्हणतो तेव्हा वाढणारा थांबत नाही. पहिलं ‘नको’ म्हणजे संकोच. दुसरं ‘नको’ म्हणजे अजून आग्रह करा. तिसऱ्या वेळी माणूस पत्रावळीवर आडवा हात धरतो, आणि चांगला वाढपी तो असतो जो बोटांच्या फटीतून वरण सोडतो. मी स्वतः नावाजलेला वाढपी. एका लग्नात तर नवरदेवाच्या मामाच्या मनगटावरचं घड्याळ मी वरणात बुडवलं होतं आणि तो माणूस रागावण्याऐवजी म्हणाला होता, ‘याले म्हणते आग्रह.’ असा माणूस मार्गदर्शिका लिहायला बसल्यावर काय लिहिणार?

मी लिहिलं: ‘साधनाने नकार दिल्यास खचून न जाता पुन्हा प्रयत्न करावा. तरीही नकार आल्यास संपूर्ण फाइल नव्याने लिहून काम पूर्ण करावे.’

‘खचून न जाता’ हे शब्द मला फार आवडले होते. दोनदा मोठ्यानं वाचून पाहिले.

मॅडमकडे मसुदा पाठवायचा होता. पण त्याआधी आपल्या मार्गदर्शिकेवर एजंटनं एखादं खरंखुरं काम केलेलं पाहावं, असं मनात आलं. खरं काम कुठलं, तर ताईचं.

माझी मोठी बहीण सुलतानपूरला असते. तिची शेडनेट आहे, म्हणजे हिरव्या जाळीचं मोठं घर, आणि त्यात ती एका बियाणं कंपनीसाठी टमाट्याचं बी तयार करते. हे काम नाजूक. आदल्या संध्याकाळी बाया प्रत्येक कळी चिमट्यानं फोडून तिच्यातला नर भाग काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या झाडांचे परागकण, त्यांना सगळे पावडरच म्हणतात, अंगठ्यावरच्या छोट्या डबीतून त्या फुलाला लावतात आणि खुणेसाठी देठाला दोरा बांधतात. आज उघडलेलं फूल उद्या सकाळी नाही हाताळलं तर वाया. परवा त्याचा उपयोग नाही. याला त्या क्रॉसिंग म्हणतात.

शेडमध्ये गारव्यासाठी बारीक तुषार सोडणारे फॉगर आहेत. ते आपोआप चालू-बंद करणारा डबा मी ताईला बनवून दिला होता. त्याच्या कोडमध्ये उष्णतेची मर्यादा होती, दुपारसाठी एकदा आणि रात्रीसाठी एकदा लिहिलेली. तिच्यावर पारा गेला की फॉगर चालू. आणि खाली, अगदी शेवटी, ताईनं सांगून घालून घेतलेला एक नियम होता: सकाळी क्रॉसिंग चालू असताना पारा कितीही वर जावो, फॉगर बंद. कारण ओली झालेली पावडर मेली.

ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. ताईचा फोन आला, ‘दुपारी जास्त तपून राह्यलं रे. ते तुझं फवारं थोडं लवकर चालू होईल असं करून दे ना. येशील का?’

‘यायची काय गरज आहे ताई,’ मी म्हणालो. ‘इथं बसल्या बसल्या करतो. मी नाही, माझा एजंट करते.’

‘कोण?’

‘आहे एक. मीच शिकवला.’

‘पाहून घेशील पण.’

‘हाव.’

मी एजंटला सांगितलं, मर्यादा दोन अंशांनी कमी कर. तो कामाला लागला. मी चहा घ्यायला गेलो. परत आलो तर पडद्यावर ‘काम पूर्ण’. मी नवी फाइल डब्याकडे धाडली, मसुदा मॅडमकडे धाडला आणि ताईला फोन केला, झालं म्हणून. ती म्हणाली, ‘पाह्यलं ना?’ मी म्हणालो, ‘पाह्यलं.’

मी पाहिलं होतं ते ‘काम पूर्ण’ हे दोन शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज वर नव्हता, त्यानंच मी उठून बसलो.

‘काऊन रे,’ ती म्हणाली, ‘सकाळच्या पारी पाणी काऊन सोडलं तू?’

‘मी? नाही सोडलं.’

‘मग कोणी सोडलं? बाया पावडर लावून राह्यल्या होत्या. सगळ्याइच्या डब्या ओल्या झाल्या. झाडं चिंब. मी वायर उपटून फेकली तेव्हा थांबलं.’

मागून कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि बाया हसल्या. ताई हसली नाही. ‘काल संध्याकाळी सहा ओळी फोडून ठेवल्या होत्या,’ ती म्हणाली. ‘दोनच झाल्या. घरी पावडर नाही. आता काय करू ते सांग.’

मी म्हणालो, ‘बघतो,’ आणि फोन ठेवला. बघण्यासारखं फक्त एकच होतं, एजंटनं स्वतःच्या कामाचा ठेवलेला अहवाल. तो मी तेव्हा उघडला. सभ्य भाषेत लिहिलं होतं. मर्यादेची ओळ बदलायला गेलो, नकार आला: हा मजकूर दोन ठिकाणी आहे. मार्गदर्शिकेनुसार खचून न जाता पुन्हा प्रयत्न केला. तोच नकार आला. मार्गदर्शिकेनुसार संपूर्ण फाइल नव्याने लिहिली.

साधनानं त्याला विचारलं होतं, दोनपैकी कोणती ओळ. त्यानं तीच मागणी पुन्हा केली. मग फाइलचा जेवढा वरचा भाग त्यानं उघडून पाहिला होता तेवढा नव्यानं लिहून काढला. खालचा भाग त्यानं पाहिलाच नव्हता, कारण फाइल पूर्ण वाचा हे मॅडमचं वाक्य मी रुक्ष म्हणून काढलं होतं. सकाळचा नियम खालच्या भागात होता. तो गेला. आणि वरची मर्यादा दोन अंशांनी खाली आलेली, म्हणजे ऊन थोडं वर येताच फॉगर सुरू.

माझी पहिली प्रतिक्रिया सांगायला हवी. मी एजंटला शिवी दिली. मनातल्या मनात नव्हे, टाइप करून. त्यानं उत्तर दिलं, झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, मार्गदर्शिकेतील कोणती सूचना मी चुकीची पाळली ते कळल्यास पुढे काळजी घेईन. त्यानं एकही चुकीची पाळली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं ऐकलं होतं, त्याचा हा परिणाम.

जुनी फाइल माझ्याकडे होती. ती परत धाडली, पण तिकडं वायरच उपटलेली. मग काय, पायात चप्पल घातली आणि स्टँडवर गेलो. निघण्याआधी मॅडमना तो अहवाल पाठवला. माझा प्रामाणिकपणा म्हणून नव्हे. तोच मसुदा त्यांनी त्याच दिवशी चाचणी करणाऱ्यांना वाटायचं ठरवलं होतं, आणि त्यांच्याकडेही कुणाच्या तरी बहिणीचं काहीतरी असणार.

चिखलीच्या पुढं एसटीत मॅडमचा फोन आला. पुण्याशी बोलताना माझी भाषा आपोआप इस्त्री होते. शेजारी फेटा बांधलेले एक आजोबा बसले होते, ते कान टवकारून ऐकू लागले.

‘ही ओळ कोणी लिहिली?’ मॅडम म्हणाल्या.

एक क्षण असा आला होता की म्हणावं, जुन्या मसुद्यातून आली असेल. तो क्षण चांगला लांबला. चालकानं मध्ये एक खड्डाही चुकवला.

‘मीच लिहिली, मॅडम.’

‘मी तर थांबा आणि विचारा असं दिलं होतं.’

‘हो. मी ते जरा सौम्य केलं.’

‘सौम्य?’

‘म्हणजे... एकदा नाही म्हटलं की लगेच मागं फिरणं, ते जरा...’

‘अहो, ते साधन नाही का म्हणतंय? त्याला कळत नाहीये म्हणून म्हणतंय. लाजून म्हणत नाहीये.’

मी ‘बरोबर आहे’ म्हणालो. त्या म्हणाल्या, मसुदा थांबवला आहे, संध्याकाळपर्यंत ते पान नव्यानं लिहून पाठवा, आणि पाठवण्याआधी स्वतः चालवून पाहा. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘बहिणीचं नुकसान फार झालं का?’ हे त्यांनी विचारायला नको होतं. तोवर मी ठीक होतो.

फोन ठेवल्यावर आजोबांनी विचारलं, ‘सुनबाईसंग भांडण का?’

‘नाही आजोबा, साहेब आहेत त्या माझ्या.’

‘असं असं. मंग तर ऐकाच लागते.’

सुलतानपूरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. शेडमध्ये शिरताच ओल्या मातीचा आणि टमाट्याच्या पाल्याचा वास आला. बाया बांधावर डबे उघडून जेवत होत्या. त्यांच्यात एक वयस्कर मुसलमान बाई आहेत, सगळ्या त्यांना खाला म्हणतात, मीही म्हणतो. मला पाहून त्या म्हणाल्या, ‘आओ भाई. अपन तो सुने थे पानी ऊपरवाले के हाथ का है. तुम्हारे हाथ में कब से आया?’

बाया हसल्या. मीही हसलो, कारण माझं नेहमीचं काम ते. कुठं गेलो की स्वतःवर एखादा किस्सा सांगायचा, लोक हसले की सुटलो. मी सुरूही केलं, ‘अहो खाला, त्याचं असं झालं...’ आणि ताईकडे नजर गेली. ती फोडलेल्या ओळींमधून फिरत होती, फुलं उलटून पाहत. तिच्या बोटांना पिवळा चिखल लागला होता, पावडर आणि पाणी. किस्सा तिथंच राहिला.

‘जेवला का?’ तिनं विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं कंपनीचे निरीक्षक आले. ते रोजच फिरून प्लॉट पाहतात. दोऱ्याविना उघडी पडलेली फुलं त्यांना लांबूनच दिसली. ‘बाई, हे काय? आज क्रॉसिंग झालं नाही?’

ताई म्हणाली, ‘पाणी सुटलं साहेब सकाळी. माह्या हातून.’

मी पुढं झालो. ‘नाही साहेब. त्यांच्या हातून नाही. माझ्या लिहिण्यामुळं सुटलं.’

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘लिहिण्यामुळं पाणी कसं काय सुटते?’

मी सांगायला लागलो. साधन आहे, साधन नकार देतं, एजंट आहे, एजंट मार्गदर्शिका वाचतो, मार्गदर्शिकेत मी असं लिहिलं होतं. सांगता सांगता माझ्या लक्षात येत होतं की प्रत्येक वाक्यागणिक मी जास्त हुशार आणि कमी दोषी वाटतोय. दोन शब्दांत झालं असतं: पाहिलं नाही. पण माझ्या तोंडातून ते निघेना. तिथं एक सबंध व्याख्यान निघत होतं. बाया जेवण थांबवून ऐकत होत्या.

ताईनं मला अडवलं. ‘जाऊ द्या साहेब. भाऊ आहे माहा. जास्त शिकला.’

सगळे हसले, निरीक्षकही. माझी कबुली अशी हवेत विरली. बहिणीनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि बाजूला ठेवली, लहानपणी विळी काढून घ्यायची तशी. तिनं ते मला वाचवायला केलं की ते भाषण संपवायला, हे मी अजून विचारलेलं नाही.

निरीक्षकांचा चेहरा मग कामाचा झाला. पावडर न लागलेली फुलं झाडावर ठेवायची नाहीत, ते म्हणाले. एखाद्यात नर भाग थोडा जरी राहिला असला तरी त्याचं फळ धरेल, भेसळीचं. संध्याकाळपर्यंत चारही ओळी तोडून काढा.

‘अन् या दोन?’ ताईनं विचारलं. ‘याइले दोरे आहेत. पाणी यायच्या आधी झाल्या या.’

‘पाणी आलं तेव्हा कुठपर्यंत आल्या होत्या?’

ताईनं खालाकडे पाहिलं. खालानं दुसऱ्या ओळीच्या मध्यापर्यंत बोट नेलं, मग जरा मागं आणलं, मग खांदे उडवले.

‘मग दुसरी ओळ तोडा,’ निरीक्षक म्हणाले. ‘पहिली राहू द्या.’

‘सगळी?’

‘खात्री नाही ना बाई.’

दोरे बांधलेली फुलं तोडायची म्हणजे झालेलं काम उलटं करायचं. सकाळी ज्या बायांनी ते दोरे बांधले होते त्यांनीच ते आता तोडायचे. जेवणाचे डबे बंद होऊ लागले.

मी म्हणालो, मी पण तोडतो. कुणी नको म्हणालं नाही. ताईनं मला दुसरी ओळ दिली.

फुलं तोडणं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. देठ नेमक्या सांध्याला मोडावा लागतो, नाहीतर शेजारची कळी सोबत येते. माझ्या हातानं तशा दोन-तीन आल्या. बाजूच्या ओळीतली एक बाई म्हणाली, ‘भाऊ, ते उद्याचं आहे, ते राहू द्या.’ मी हात आवरला. दोरे लाल होते, बारीक, प्रत्येकाला एकच गाठ. फूल तोडलं की दोराही मुठीत यायचा. टोपली लवकर भरली, पण ती पिवळी दिसत नव्हती, लाल दिसत होती.

मध्येच लॅपटॉप काढून मी बांधावर बसलो आणि मॅडमचं ते पान लिहिलं. त्यांचं वाक्य होतं तसं घातलं, एक शब्दही न हलवता. मग एजंटला तेच मर्यादेचं काम तशाच जुन्या फाइलवर पुन्हा दिलं, या वेळी समोर बसून. त्याला नकार आला. तो थांबला. त्यानं फाइल शेवटपर्यंत वाचली आणि मला विचारलं, ही ओळ दुपारच्या भागात आहे आणि रात्रीच्याही, तुम्हाला कोणती हवी? खाली सकाळसाठी एक नियम दिसतो, तो तसाच ठेवू ना?

मी ‘दुपारची’ एवढंच लिहिलं. ते पाहून बरं वाटायला हवं होतं. काल एवढंच झालं असतं, एवढ्या एका प्रश्नाचं काम होतं. मी पान पाठवलं, लॅपटॉप मिटला आणि ओळीत परत गेलो.

ताई पलीकडच्या ओळीत तोडत होती. मी म्हणालो, ‘ताई, डबा नीट झाला. सकाळचं सगळं परत आलं त्यात. वायर लावू का?’

तिनं मान वर केली नाही. ‘राहू दे,’ ती म्हणाली.

दिवस कलला. बाया चिमटे घेऊन उद्यासाठीच्या कळ्या फोडायला दुसऱ्या टोकाला गेल्या. उद्यासाठी पावडर शेजारच्या प्लॉटवरून मागून आणायची ठरत होती. तेवढ्यात खालानं ताईला मोठ्यानं विचारलं, ‘बाई, कल सुबह का पानी किसके हाथ में?’

‘माह्या,’ ताई म्हणाली.

तिनं खिळ्याला अडकवलेला डबा काढला, प्लास्टिकच्या थैलीत घातला आणि थैली माझ्या चपलांजवळ ठेवली. मग फॉगरच्या मोटारीचं बटण दोनदा खाली-वर करून पाहिलं, चालतं का ते. चालत होतं. माझी अजून निम्मी ओळ राहिली होती. मी पुढच्या झाडाशी बसलो.